मुंबईहून परदेशी नर्स म्हणून जायचंय? आधी फाइल उघडा

रविवारी दुपारी माझ्या भांडुपच्या घरी हमखास कुणीतरी येतं. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, नाइट करून आल्यामुळे डोळे लाल, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, कुठल्या देशात जाऊ?" मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नऊ वर्षं स्टाफ नर्स होते. २०२१च्या शेवटी इंग्लंडला गेले, तिथल्या सरकारी रुग्णालयात साडेतीन वर्षं मेडिकल वॉर्ड केला आणि आईच्या आजारपणामुळे परत आले. म्हणून मुलींना वाटतं, मला देश सांगता येईल. मी आधी फोल्डर मागते. तुम्ही कुठे जाऊ शकता हे तुमचे कागद, तुमची भाषा आणि घरचे किती वाट बघू शकतात यावर ठरतं. एजंटकडे या महिन्यात कुठली जागा आली आहे यावर ठरवलंत तर पैसेही जातात आणि वर्षही जातं.

खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, ज्या क्रमाने मी समोर बसलेल्या मुलीला किंवा ब्रदरला सांगते.

तुमचं रजिस्ट्रेशन कुठलं आहे?

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका), बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (पदविकेनंतरची पदवी) झालं असेल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुमची नोंद 'रजिस्टर्ड नर्स अँड मिडवाइफ' अशी असेल, तर पुढे वाचा. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) झालेल्या मुलींना मला दर वेळी जड मनाने सांगावं लागतं की परदेशात रजिस्टर्ड नर्स म्हणून त्या शिक्षणावर नोंदणी होत नाही. 'एएनएम चालेल, यूकेला केअर वर्करचं काम' असं सांगणारे अजूनही फिरतात. ब्रिटनने बाहेरच्या देशांतून केअर वर्कर घेण्याचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद केला आहे. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. एएनएमनंतर जीएनएम करा, मग हा रस्ता उघडतो.

कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, नूतनीकरण झालंय ना, हे आजच बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीममध्ये नाव घालून एनयूआयडी क्रमांक (देशभर चालणारा तुमचा स्वतःचा नर्स-क्रमांक) घेतला नसेल तर तोही घ्या. परदेशी परिषद तुमच्याकडून झेरॉक्स घेऊन समाधान मानत नाही. ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला थेट विचारते: ही व्यक्ती तुमच्याकडे नोंदलेली आहे का, तिच्यावर काही कारवाई झाली आहे का? यालाच व्हेरिफिकेशन किंवा गुड स्टँडिंग म्हणतात. नूतनीकरण राहिलं असेल तर हे उत्तर तिथेच अडकतं.

नावाचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. नर्सिंगच्या गुणपत्रिकेवर कधी आईचंही नाव. एवढ्यावर परदेशी अधिकारी सहसा अडत नाहीत, कारण शब्द तेच असतात. खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. 'पवार' एका कागदावर डब्ल्यूने, दुसऱ्यावर व्हीने. 'शीतल' एकीकडे डबल ईने, दुसरीकडे आयने. वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी 'राव', दुसरीकडे नाही. माझ्या स्वतःच्या कागदांत एका अक्षराचा फरक होता आणि तो निस्तरायला चार महिने गेले.

आणि मग लग्न. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलून थांबत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नावही येतं, काही घरांत तर तांदळात नवीन नाव लिहून मुलीचं पहिलं नावही बदलतात. शिक्षण माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, बँक तिसऱ्याच नावावर. तुम्ही लग्नाळू असाल आणि परदेशी जायचा विचार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: नाव बदलू नका. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही. माहेरच्या नावाने पासपोर्ट तसाच चालतो. सासरी हे प्रेमाने आणि लवकर सांगा, तिकीट काढायच्या वेळेला नको.

बदललं असेलच, तर एकच नाव पक्कं करा आणि बाकी सगळं त्याच्याकडे आणा. मुंबईत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून मिळतं. स्पेलिंगमधला किंवा पहिल्या नावातला बदल असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोटीस द्यावी लागते. त्यासाठी पूर्वी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेपा घालाव्या लागत, आता अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राचं पान हातात आलं की कौन्सिलमध्ये नाव दुरुस्त करा, मग पासपोर्ट. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

पासपोर्टबद्दल एक गोष्ट महापालिका आणि सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरांसाठी. तुमचा अर्ज कार्यालयाला आगाऊ कळवल्याच्या पत्रावर करता येतो, त्यामुळे 'ना हरकत' मिळेपर्यंत थांबून राहायचं कारण नाही. मेट्रन मॅडमना मात्र सांगून ठेवा. पुढे अनुभवाचा दाखला त्यांच्याच ऑफिसातून यायचा आहे.

ट्रान्स्क्रिप्ट आणि अनुभवाचा दाखला

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रिका नव्हे. कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास आणि क्लिनिकलचे किती तास झाले याचा तो तक्ता असतो. बीएस्सीवाल्यांचं काम कॉलेज आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे, जीएनएमवाल्यांचं आपल्या नर्सिंग स्कूलकडे. सही-शिक्का घेण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसोपचार या पाचही विभागांचे तास वेगवेगळे दिसले पाहिजेत. आपण सगळ्यांनी ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग केलेली असते, पण कारकुनाने ते तास 'इतर' मध्ये टाकले तर अमेरिकेतलं एखादं राज्य म्हणेल, मानसोपचार झालेलाच नाही. एका मुलीला यासाठी पुन्हा गावी, आपल्या जुन्या स्कूलमध्ये जाऊन सगळं नव्याने टाइप करून आणावं लागलं. स्कूलला विनंती करून तीन-चार बंद लिफाफे एकदमच करून घ्या.

अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, विभाग, खाटांची संख्या आणि पूर्णवेळ काम हे सगळं हवं. मोठ्या रुग्णालयांचं ठीक असतं. उपनगरातल्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काम केलेल्यांनी पगाराच्या पावत्या, पीएफचा उतारा आणि नेमणूकपत्र जपून ठेवावं, कारण नर्सिंग होम बंद पडतात.

आणि खोटा अनुभव दाखवू नका. 'आयसीयूचं एक वर्ष वाढवून देतो' म्हणणारे दाखले विकतात. आखाती देशांसाठी डेटाफ्लो नावाची कंपनी प्रत्येक कागद जिथून निघाला तिथे विचारून तपासते. बनावट निघालं की तो शेरा तुमच्या नावावर राहतो आणि शेजारच्या देशातही दार बंद होतं. नऊ महिन्यांचा खरा अनुभव असेल तर तीन महिने थांबा. वर्ष होईल.

आता देश

कागद पुढ्यात आले की देशाचं बोलता येतं. मी ज्यांना जवळून बघितलंय त्यांच्याच आधाराने सांगते.

ज्यांना लवकर कमाई हवी आहे, घरावर कर्ज आहे, आणि दोन-चार वर्षांनी परत यायचं आहे, त्यांच्यासाठी आखात. काही ठिकाणी जीएनएम चालतं, इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेची अट बहुतेक ठिकाणी नाही. पण आयुष्यभर तिथे राहून तिथले नागरिक व्हाल, असं नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जीएनएम व बीएस्सी दोन्ही चालतात, कुटुंब नेता येतं, पण इंग्रजी पक्कं लागतं. आयर्लंडची परिषद एनएमबीआय आधी तुमची फाइल तपासून निर्णयपत्र देते, मग तुम्ही डब्लिनला जाऊन योग्यता चाचणी द्या किंवा रुग्णालयात काही आठवड्यांचं अनुकूलन प्रशिक्षण करा. नर्स तिथे क्रिटिकल स्किल्सच्या, म्हणजे देशाला कमी पडणाऱ्या कामांच्या, यादीत आहे, ही मोठीच जमेची बाजू.

जर्मनीत माणसं हवी आहेत, आणि मुंबईकरांसाठी तिथे एक वेगळी वाट आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि त्याच बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सही येतात. अट आहे ती जर्मन भाषेची, बी-टू (सहा पातळ्यांपैकी चौथ्या) पातळीपर्यंत. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए-वन पासून सुरुवात केली तर नोकरी सांभाळून वर्ष ते दीड वर्ष धरा. तिथे तुमच्या शिक्षणाची मान्यता तपासतात, उणीव असेल तर तसं पत्र देतात, आणि ती उणीव तुम्ही तिथे जाऊन प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढता. मान्यता मिळेपर्यंत काम मदतनीसाचं आणि पगार कमी, हे आधीच समजून घ्या. पंचविशीच्या आतल्या, संसार नसलेल्या मुलींना मी आजकाल जर्मनीच सुचवते. इंग्रजीत सारखं नापास होऊन खचलेल्या दोघी जर्मन मात्र पहिल्या फटक्यात पास झाल्या. तिथे सगळेच शून्यापासून सुरू करतात.

ऑस्ट्रेलियाला नुसत्या जीएनएमवर रजिस्टर्ड नर्स म्हणून थेट जाणं अवघड. पदवी लागते, आणि साधारण वाट एनक्लेक्स-आरएन (मूळची अमेरिकेची, नर्सच्या परवान्याची संगणकावरची परीक्षा) व नंतर ऑस्ट्रेलियात जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा अशी आहे. मात्र १ एप्रिल २०२५ पासून ज्यांनी ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन किंवा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया व ओंटारिओ इथे नोंदणी घेऊन तिथे किमान १,८०० तास काम केलंय, त्यांना सोपी वाट दिली आहे. म्हणून बऱ्याच जणी आधी ब्रिटन, मग ऑस्ट्रेलिया असं करतात.

अमेरिकेबद्दल थोडक्यात आणि खरं सांगते. एनक्लेक्स-आरएन पास होणं आपल्या मुलींना जमतं. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि परीक्षा मुंबईत पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात देता येते. अडचण व्हिसाची आहे. नर्सना ईबी-३ या नोकरीवर आधारलेल्या वर्गात ग्रीन कार्ड मिळतं, आणि भारतात जन्मलेल्यांची त्या वर्गातली रांग दहा वर्षांहून लांब आहे. रांग जन्माच्या देशावर ठरते, पासपोर्टवर नाही. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर त्या देशाची रांग घेता येते, पण अशी किती घरं? तेव्हा एनक्लेक्स करायचं तर करा, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही ते उपयोगी पडतं. 'दोन वर्षांत न्यूयॉर्क' असं कुणी म्हणालं तर उठून या.

इंग्रजीची परीक्षा

ब्रिटनसाठी आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या सर्वसाधारण परीक्षेमध्ये वाचन, श्रवण आणि बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात, एकूण ७. किंवा ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेमध्ये तिन्हीत बी आणि लेखनात सी प्लस. १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात, फक्त कुठल्याही भागात ठरलेल्या गुणांपेक्षा अर्ध्या पायरीहून खाली घसरायचं नाही.

ओईटी बरीच महाग आहे. तरीही मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना मी तीच द्यायला सांगते. आयईएलटीएसमध्ये शहरीकरणावर निबंध येईल. ओईटीच्या लेखनात डिस्चार्ज किंवा रेफरलचं पत्र येतं. ते आपलं रोजचं काम आहे. बोलण्याच्या भागात रुग्णाला समजावून सांगायचं असतं, जे आपण दिवसभर करतो, फक्त मराठी-हिंदीत. मी तयारी अशी केली: रोज ड्युटी संपली की एका रुग्णावर, नाव-गाव न लिहिता, इंग्रजीत एक पत्र. समुदाय परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला. कुठली माहिती त्या माणसाच्या उपयोगाची, हे निवडायला शिकणं म्हणजेच ते लेखन. साठ-सत्तर पत्रं झाली आणि हात बसला. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत गाडीत श्रवणाचा सराव होतो, जागा मिळाली तर वाचनाचाही.

दहावी मराठीतून केलीत म्हणून लाज बाळगू नका. तिथल्या वॉर्डात मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या निम्म्या जणींची पहिली भाषा इंग्रजी नव्हती.

ब्रिटनची वाट, पायरीपायरीने

ही मी स्वतः चालले आहे. परिषद म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, एनएमसी. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडा, स्वतःच्या ईमेलने. एजंटच्या ईमेलने अजिबात नको. नंतर तुमच्याच खात्यात तुम्हाला शिरता येत नाही. अर्जाचे १४० पाउंड, सीबीटी या संगणकावरच्या परीक्षेचे ८३, पुढे तिथल्या प्रात्यक्षिकाचे ७९४ आणि शेवटी नोंदणीचे १५३. चांगलं रुग्णालय यातले मोठे खर्च उचलतं किंवा परत देतं.

सीबीटी मुंबईतच होते. पहिल्या भागात औषधांच्या हिशोबाचे १५ प्रश्न, अर्ध्या तासात. दुसऱ्यात १०० प्रश्न, अडीच तासांत. हिशोब आपण वॉर्डात करतोच: एक लिटर सलाइन आठ तासांत म्हणजे तासाला १२५ मिलिलिटर, वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब. घोटाळा होतो तो मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. दुसऱ्या भागासाठी एनएमसीची आचारसंहिता, 'द कोड', दोनदा वाचा. आपल्याकडे नातेवाइकांना विचारून निर्णय होतात. तिथे रुग्णाची स्वतःची संमती सगळ्यात वर, आणि बरेच प्रश्न याच फरकावर बेतलेले असतात.

मग मुलाखत. २०२१ साली आठवड्यात ऑफर येत होती. आता ब्रिटनमधली बाहेरच्या नर्सची भरती खूप उतरली आहे, हे तुम्हाला माहीत हवं. नोकरी मिळाल्यावर रुग्णालय सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतं, त्यावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. या व्हिसावर वर्षाला १,०३५ पाउंडांचा आरोग्य अधिभार माफ आहे आणि नर्सला नवरा-मुलं नेता येतात. व्हिसाआधी मान्यताप्राप्त दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी लागते, तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आपण मुंबईच्या वॉर्डात काम करणारी माणसं. लहानपणी किंवा ड्युटीवर कधी टीबी झाला असेल तर उपचार पूर्ण केल्याचे कागद आणि जुने एक्स-रे काढून ठेवा. लपवलं तर फुप्फुसावरचा डाग तुमच्याआधी बोलतो.

स्पॉन्सरशिपवर लिहिलेल्या रुजू तारखेपासून १२ आठवड्यांच्या आत पहिली ऑस्की, म्हणजे वर सांगितलेली प्रात्यक्षिक परीक्षा, द्यायची आणि आठ महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. पास होऊन पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, येईपर्यंत पगार खालच्या श्रेणीचा. ऑस्कीत दहा स्टेशनं असतात: चार रुग्णाच्या तपासणीपासून मूल्यमापनापर्यंतची, चार प्रत्यक्ष कौशल्याची, दोन लेखी. एका अर्जावर तीन संधी.

मी पहिल्या वेळी नापास झाले. नऊ वर्षांचा अनुभव, आणि औषध देण्याच्या स्टेशनवर नापास. का, तर मी मुंबईसारखं काम केलं. साठ रुग्णांच्या वॉर्डात आपण मनातल्या मनात तपासतो, हात चालत राहतात. तिथे परीक्षकाला तुमचं मन दिसत नाही. नाव विचारा, जन्मतारीख विचारा, मनगटावरचा पट्टा बघा, ॲलर्जी आहे का विचारा आणि तक्त्याशी ताडून बघताना ते मोठ्याने बोला. मी ॲलर्जीचा पट्टा बघितला होता, बोलले नव्हते. त्या रात्री खोलीत खूप रडले. मग पंधरा दिवस उशीला रुग्ण समजून रोज मोठ्याने सगळं म्हटलं आणि दुसऱ्यांदा पास झाले. सात किंवा कमी स्टेशनं राहिली असतील तर फी निम्मी, ३९७ पाउंड, लागते. तुम्ही हा सराव मुंबईतच सुरू करा. आईला किंवा नवऱ्याला पलंगावर झोपवा, आणि हात धुतल्यापासून प्रत्येक कृती उच्चारत करा.

पिन आल्यावर पाचव्या बँडचा, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या सुरुवातीच्या श्रेणीचा, पगार. २०२५-२६ साली इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पाउंड होती. कर, विमा आणि पेन्शन कापून महिन्याला साधारण २,००० हातात. मी लंडनबाहेर होते, खोलीचं भाडं वीज-गॅससकट ५५० जायचं. रुपयात गुणाकार करून स्वप्नं बघू नका. भाडं आणि बस वजा करून मग गुणा.

आखाताची वाट

इथे क्रम वेगळा. आधी डेटाफ्लोकडून कागदांची तपासणी, मग त्या-त्या आरोग्य खात्याची संगणकावरची परीक्षा. दुबईचं खातं वेगळं, अबू धाबीचं वेगळं, बाकी अमिरातींचं वेगळं. सौदीत आरोग्यक्षेत्रातल्या विशेषज्ञतांचा आयोग आहे, कतार, ओमान, बहारीनचे आपापले. सगळ्यांना सरसकट 'प्रोमेट्रिक' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. डेटाफ्लोला अर्ज केला की जुन्या रुग्णालयाच्या एचआरमध्ये स्वतः जाऊन सांगा की असा ईमेल येईल, उत्तर द्या. उत्तर गेलं नाही तर तुमचा खरा अनुभवही 'पडताळता आला नाही' असा शेरा घेऊन येतो.

प्रमाणपत्रांवर आधी मंत्रालयातून राज्य शिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. सौदी आणि ओमानला अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का) चालतं. अमिरातीसाठी पुढे त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. वैद्यकीय तपासणी वाफिदच्या, म्हणजे आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणी व्यवस्थेच्या, यादीतल्या केंद्रातच.

सरकारने ठरवलेल्या १८ देशांत, ज्यात हे सगळे आखाती देश येतात, नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक नर्सला २०१५ पासून ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावरून परदेशी जाण्याची परवानगी (इमिग्रेशन क्लिअरन्स) घ्यावीच लागते, पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीआधी तपासणी हवी, असा) शिक्का असो वा नसो. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलू' असं म्हणणारा तुम्हाला या परवानगीच्या बाहेर नेतोय. मग उद्या पगार थकला तर भारत सरकारच्या नोंदीत तुम्ही तिथे पर्यटक. परवानगीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं संरक्षण मिळतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे.

तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट 'ऑफिसात ठेवायला' मागतील. देऊ नका. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नाही.

एजंट आणि करारपत्र

माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी कोकणातली जमीन गहाण ठेवून सहा लाख दिले होते. कार्यालयाला पाटी होती, खुर्च्या होत्या, भिंतीवर विमानाचं चित्र होतं. परवाना नव्हता. म्हणून हे लक्षात ठेवा: भारतात परदेशी नोकरीला लावणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, त्याची यादी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नावानिशी बघता येते, आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी घेऊ शकतो. पावती मागा. रोख मागितलं, किंवा 'बाकीचे वेगळे' म्हटलं, की समजा. ब्रिटनच्या नोकरीसाठी तर तिथल्या कायद्याप्रमाणे उमेदवाराकडून नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, एका रात्रीसाठीसुद्धा.

करारपत्रात मी तीन जागा आधी वाचते. काम कुठल्या हुद्द्याचं लिहिलंय, 'रजिस्टर्ड नर्स' की 'असिस्टंट'. आठवड्याचे तास आणि जादा तासांचा दर. आणि मध्येच सोडलं तर किती परत द्यायचं. तिकीट-परीक्षेचा खर्च काही वर्षांत उतरत्या क्रमाने परत मागणं रास्त आहे. वर्षभर काम केल्यावरही पूर्ण रक्कम, वर दंड, हे रास्त नाही. न समजणारं वाक्य असेल तर सही न करता घरी या. चांगली नोकरी दोन दिवस थांबते.

निघायच्या आधी

नोटीस पीरियड पूर्ण करा आणि रिलिव्हिंग लेटर हातात घेऊनच बाहेर पडा. बॉण्ड असेल तर तो भरून पावती घ्या. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, पण तो फार आधी काढू नका, जुना चालत नाही. बँकेत जाऊन खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं, इथल्या पैशांसाठीचं) करायचा अर्ज द्या आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा. आईवडिलांचे औषधपाणी तुम्हीच बघत असाल तर ते आता कोण बघणार हे नाव घेऊन ठरवा, भावाला किंवा वहिनीला समोर बसवून. मी हे ठरवलं नव्हतं, आणि आईच्या तपासण्या दोन वर्षं कुणीच केल्या नाहीत.

सगळी मूळ कागदपत्रं केबिनच्या बॅगेत, बॅग मांडीवर किंवा पायाशी. स्कॅन स्वतःच्या ईमेलवर आणि घरच्या एका माणसाकडे. चांगले, न घसरणारे काळे बूट इथूनच घ्या, सेकंदकाटा असलेलं घड्याळही. मनगटावर घालता येत नाही तिथे, युनिफॉर्मला लटकवायचं. पहिले दोन आठवडे जेवण गळ्याखाली उतरत नाही, तेव्हा मेतकूट आणि भाजणीची पाकिटं सोबत असू द्या, सीलबंद, वर नाव लिहिलेली.